थाळी कोणती घ्यावी: हाताचा वेग आणि कडेचे वजन

थाळीफेकीच्या सगळ्या थाळ्या लांबून सारख्याच दिसतात. मध्ये फुगीर, कडेकडे निमुळती होत गेलेली, भोवती धातूची गोल कड आणि मधोमध दोन्ही बाजूंना बसवलेली धातूची चकती. वजन आणि माप नियमाने बांधलेले असते. तरीही एकाच वजनाच्या दोन थाळ्या एकाच हाताने फेकल्या, तर एक सपाट तरंगत जाते आणि दुसरी अर्ध्या वाटेत डोलू लागून डावीकडे कलंडते. याचे कारण थाळीच्या पोटात असते. एकूण वजनापैकी किती वजन कडेत आहे आणि किती मध्यभागी, यावर थाळीचा स्वभाव ठरतो. दुकानदार याला ‘रिम वेट’ म्हणतात आणि त्यावरून थाळ्यांची ‘लो स्पिन’, ‘मीडियम स्पिन’, ‘हाय स्पिन’ अशी वर्गवारी करतात. फेकणाऱ्याच्या हाताच्या वेगाशी या आकड्याचा मेळ बसला तरच थाळी साथ देते.

आधी वजनाचा हिशोब. खुल्या गटातील पुरुषांची थाळी 2 किलोची आणि 219 ते 221 मिलिमीटर व्यासाची असते. 20 वर्षांखालील मुलांसाठी 1.75 किलो, 18 वर्षांखालील मुलांसाठी 1.5 किलो. महिला आणि मुलींची थाळी 1 किलोची, 180 ते 182 मिलिमीटर व्यासाची. हे जागतिक ॲथलेटिक्सचे माप झाले. शालेय स्पर्धांचे वयोगट वेगळे पाडलेले असतात, म्हणून खरेदीपूर्वी त्या वर्षीचे नियमपत्रक क्रीडाशिक्षकांकडून पाहून घेणे चांगले. थाळीचे वजन चुकले, तर पुढची सगळी निवड वाया जाते.

कडेचे वजन टक्क्यांत सांगतात. साध्या थाळीत 70 टक्क्यांच्या आसपास वजन कडेत असते, मधल्या प्रकारात 75 ते 80, वरच्या प्रकारात 80 ते 85 आणि अगदी तयार खेळाडूंच्या थाळीत 85 ते 90 टक्के किंवा त्याहूनही थोडे जास्त. निर्मात्यागणिक या सीमा थोड्या सरकतात. त्यामुळे ‘हाय स्पिन’ या शब्दावर विसंबण्यापेक्षा टक्क्यांचा आकडा विचारावा.

या आकड्याचा अर्थ कुंभाराच्या चाकावरून चटकन कळतो. चाकाचा घेर मुद्दाम जड ठेवलेला असतो. त्याला सुरुवातीला गती द्यायला काठी लावून जोर काढावा लागतो, पण एकदा फिरू लागले की ते बराच वेळ स्थिर फिरते आणि मातीच्या गोळ्यावर हात दाबला तरी डगमगत नाही. घेर हलका असता, तर फिरवणे सोपे गेले असते, पण हाताच्या दाबाने चाक लगेच मंदावले असते. थाळीचेही तसेच आहे. कड जड असेल तर फिरकी द्यायला कष्ट पडतात, पण मिळालेली फिरकी टिकते. कड हलकी असेल तर फिरकी सहज मिळते, पण लवकर सैल पडते. जड कडेची थाळी म्हणूनच ज्याच्या हातात ती फिरवण्याइतका वेग आहे, त्याच्याच कामाची असते.

फिरकीला एवढे महत्त्व का, हे थाळीच्या उड्डाणात दडलेले आहे. थाळी हवेत तिरकी जाते आणि तिच्या खालच्या अंगाला लागणारी हवा तिला उचलून धरते. ही उचल थाळीच्या बरोबर मध्यावर मिळत नाही, पुढच्या अर्ध्या भागावर जास्त मिळते. त्यामुळे थाळीचे नाक वर उचलले जाऊ पाहते. न फिरणारी थाळी लगेच उताणी झाली असती. फिरणारी थाळी मात्र या ढकलण्याला वेगळ्या पद्धतीने उत्तर देते: नाक वर न जाता ती बाजूला कलते. उजव्या हाताने फेकणाऱ्याची थाळी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते, आणि अशा थाळीची डावी कड हळूहळू खाली येते. मैदानावर प्रत्येकाने हे पाहिलेले असते. शेवटच्या टप्प्यात थाळी डावीकडे झुकते आणि घसरत उतरते. फिरकी जितकी भरीव, तितके हे झुकणे उशिरा आणि थोडे. थाळी जितका वेळ आपला कल धरून राहील, तितका वेळ हवा तिला पेलते.

आता मुद्दा वेगाचा. हातातून सुटताना थाळीचा वेग किती आहे, हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. फेकीच्या अंतरावरून बऱ्यापैकी अंदाज येतो. वारा नसताना आणि थाळी जमिनीशी 35 ते 40 अंशांच्या कोनात सुटली असे धरून, अंतरातून 2 मीटर वजा करायचे, उरलेल्याला 10.3 ने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. येणारा आकडा म्हणजे सेकंदाला इतके मीटर. हवेचा परिणाम यात धरलेला नाही, पण निवडीपुरता हिशोब पुरेसा आहे. 30 मीटर फेकणाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे 17 मीटर येतो, म्हणजे ताशी साधारण 61 किलोमीटर. 40 मीटरला तो 20 च्या आसपास, 50 मीटरला 22 आणि 60 मीटरला 24 च्या थोडा पुढे जातो. या आकड्यांत एक दिलासा आहे. 30 वरून 40 मीटरवर जायला वेगात सेकंदाला जेमतेम 3 मीटरची भर लागते. पण ही भर पाय, कंबर आणि गिरकी यांतून येते. नवी थाळी विकत घेऊन ती येत नाही.

या वेगांना कोणती थाळी जुळते? पुरुषांच्या 2 किलोच्या थाळीसाठी ढोबळ माप असे धरतात: 40 मीटरच्या आत फेक असेल तर 70 ते 75 टक्के, 40 ते 50 मीटरला 75 ते 80 टक्के, त्यापुढे 80 ते 85 टक्के, आणि 60 मीटरच्या आसपास पोहोचलेल्यांनी 85 च्या पुढच्या थाळीचा विचार करावा. महिलांच्या 1 किलोच्या थाळीत प्रत्येक पायरी चार-पाच मीटर अलीकडे आणली तरी चालते. मुलांच्या 1.5 आणि 1.75 किलोच्या थाळ्यांसाठी पुरुषांचेच माप वापरता येते. हे कायदे नव्हेत, प्रशिक्षकागणिक यात फरक पडतो. 1 किलोची थाळी हलकी असल्याने हवा तिला जास्त उचलते आणि जास्त हलवतेही. महिलांचा जागतिक विक्रम, पूर्व जर्मनीच्या गॅब्रिएले राइन्श हिने 1988 मध्ये केलेला 76.80 मीटरचा, आजही पुरुषांच्या विक्रमापेक्षा लांबचा आहे तो थाळीच्या या हलकेपणामुळे. याच कारणाने मुलींच्या थाळीत डोलण्याचा दोष अधिक महागात पडतो, म्हणून त्यांनी कडेचे वजन वाढवताना जास्त सबुरी ठेवावी.

सातारा-सांगलीकडच्या शाळा-महाविद्यालयांत थाळी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची फेक 20 ते 35 मीटरमध्ये असते, आणि त्यांच्यासाठी उत्तर सरळ आहे: 70 ते 75 टक्क्यांची साधी थाळी. तरीही खरेदीच्या वेळी नजर महागड्या, चकचकीत, जड कडेच्या थाळीकडे जाते. मोठे खेळाडू तीच वापरतात, मग आपलीही फेक वाढेल, हा विचार स्वाभाविक आहे. घडते उलटे. समजा, 28 मीटर फेकणाऱ्या मुलाच्या हाती 88 टक्क्यांची थाळी आली. त्याच्या तर्जनीत ती कड फिरवण्याइतका झटका अजून नाही. थाळी मंद फिरत सुटते, पहिल्या 10 मीटरमध्येच डोलते आणि 25 मीटरवर उभी पडते. मुलाला वाटते आपला जोर कमी पडला. पुढच्या फेकीत तो खांद्याने ओढतो, थाळी मुठीत आवळून धरतो आणि फिरकी आणखी कमी होते. एक चुकीची थाळी अशा रीतीने वर्षभराची सवय बिघडवू शकते, आणि घरच्यांनी मोठ्या हौसेने खर्च केलेला पैसाही त्यात अडकतो. ही हळहळ टाळता येण्यासारखी आहे, म्हणून निवड आजच्या फेकीवरून करावी. पुढे फेक वाढली की थाळी बदलता येते.

थाळी कशाची बनली आहे, यावरूनही थोडा अंदाज बांधता येतो. शाळांच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत बहुधा लाकडी अंगाची, लोखंडी कडेची थाळी असते. लाकडाचेच वजन बरेच असल्याने कडेला कमी वाटा येतो. नवशिक्याला ती योग्यच असते, जुनी दिसते म्हणून तिला हिणवू नये. प्लास्टिक किंवा फायबरच्या अंगाच्या थाळ्यांत अंग हलके करून वजन कडेत नेता येते, आणि कार्बनच्या थाळ्यांत ते सर्वांत जास्त नेलेले असते. अखंड रबराची थाळी मात्र वेगळीच. तिचा मधला भाग जाड आणि कड पातळ, त्यामुळे वजन मध्याकडे गोळा झालेले. ती चटकन फिरते, दगडावर आपटली तरी फुटत नाही. शिकण्यासाठी ती उत्तम, पण तिच्या अंतरावरून आपला वेग जोखू नये.

थाळीवर टक्के छापलेले नसतील, किंवा दोन जुन्या थाळ्यांतील कोणती जड कडेची हे ओळखायचे असेल, तर एक सोपी चाचणी आहे. वर्गातला लांब बाक किंवा दोन मीटरची फळी एका टोकाला विटेवर टेकवून उतरती करायची. दोन्ही थाळ्या वरच्या टोकाशी कडेवर उभ्या धरून एकाच क्षणी सोडायच्या. दोन्ही घरंगळत खाली येतात, पण जड कडेची थाळी मागे राहते. उताराने दिलेल्या जोराचा मोठा भाग तिला नुसते फिरवण्यातच खर्च होतो. 70 आणि 90 टक्क्यांच्या थाळ्या असतील, तर दोन मीटरमध्ये फरक सहज दिसतो. थाळ्यांचे वजन वेगळे असले तरी चाचणी चुकत नाही. चार-पाच वेळा करून पाहावी, कारण एखादी थाळी फळीवरून तिरकी पळते.

घरंगळवण्याचा हा प्रकार सरावातही उपयोगी आहे. थाळी हातात धरताना चार बोटांची शेवटची पेरे कडेवर टेकलेली असतात, अंगठा मोकळा असतो. हात खाली सोडून थाळी जमिनीवर पुढे घरंगळवली, तर ती तर्जनीवरून शेवटी सुटली पाहिजे आणि सरळ रेषेत गेली पाहिजे. करंगळीकडून सुटली तर उलटी फिरते. ज्याची थाळी दहापैकी सहा वेळाही सरळ जात नाही, त्याने कडेच्या टक्क्यांचा विचार काही दिवस बाजूला ठेवावा. त्याला आधी सुटण्याची जागा सापडायला हवी.

फिरकी पाहायला मोबाइल पुरतो. थाळीवर मध्यापासून कडेपर्यंत रंगीत चिकटपट्टीची एक रेघ लावायची आणि बाजूला, सुरक्षित अंतरावर मोबाइल टेकवून ठेवून, मंदगती चित्रीकरण करायचे. सेकंदाला 240 चित्रे घेणाऱ्या मोबाइलमध्ये रेघ 48 चित्रांत एक फेरा पूर्ण करत असेल, तर फिरकी सेकंदाला 5 फेऱ्यांची झाली. आकड्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे थाळीचा काठ. तो एका रेषेत दिसतो की वरखाली लपलपतो? काठ स्थिर असेल आणि फक्त शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये डावीकडे झुकत असेल, तर सध्याची थाळी हाताला जुळली आहे. काठ स्थिर असूनही थाळी मध्यावरच डावीकडे कलू लागली, तर हातात फिरकी आहे आणि कड हलकी पडते आहे. अशा वेळी पाच टक्क्यांची वरची थाळी मागून घेऊन पाहावी. काठ हातातून सुटल्यापासूनच लपलपत असेल, तर दोष सुटण्याचा आहे. ती दुरुस्ती होईपर्यंत थाळी बदलू नये, फार तर हलक्या कडेची घ्यावी.

दोन थाळ्यांची तुलना करताना सर्वांत लांब गेलेल्या एका फेकीवर भाळू नये. प्रत्येकीच्या दहा फेकी कराव्यात, आलटून पालटून, म्हणजे थकव्याचा भार एकीवर पडत नाही. पहिल्या दोन आणि सर्वांत वाईट दोन सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. स्पर्धेत तीन फेकींत पुढची फेरी गाठायची असते, त्यामुळे सातत्याने 31 मीटर देणारी थाळी ही एकदा 34 आणि चारदा 26 देणाऱ्या थाळीपेक्षा कामाची.

तुलना सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करावी. या भागात हे विशेष जपायला हवे, कारण इथला वारा साधा नाही. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर, तिकडे कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला माण, खटाव, आटपाडी, जतच्या उघड्या माळरानांवर अडवणारे फारसे काही नसते. पावसाळ्यात शालेय स्पर्धांचा मोसम सुरू होतो तेव्हा हा वारा मैदानावर हजर असतो.

धावणाऱ्याला समोरचा वारा नकोसा वाटतो, थाळी फेकणाऱ्याला तोच हवा असतो. समोरून येणारा वारा थाळीखालून उचल वाढवतो आणि काही मीटरची भर घालतो. उजव्या हाताच्या खेळाडूला तो किंचित उजवीकडून आला तर आणखी चांगले. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने 14 एप्रिल 2024 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या रामोना या गावी 74.35 मीटर फेक करून युर्गेन शुल्टचा 1986 पासून टिकलेला 74.08 मीटरचा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी 13 एप्रिलला तिथेच 75.56 मीटरपर्यंत मजल मारली. रामोनाचे मैदान उघड्या माळावर आहे आणि थाळीफेकपटू तिथे वाऱ्यासाठीच जातात. त्याच अलेक्नाची 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या बंदिस्त स्टेडियममधली फेक 69.97 मीटरची होती, आणि जमैकाच्या रोजे स्टोनाने 70.00 मीटरवर सुवर्णपदक नेले.

मात्र हा फायदा फिरकी असलेल्यालाच मिळतो. समोरचा वारा नाक उचलण्याचा जोरही वाढवतो. फिरकी कमी असेल तर थाळी वर चढते, उताणी होते आणि मागे ढकलली जाते. म्हणून वाऱ्यात नवशिक्याने थाळी नेहमीपेक्षा खालच्या कोनात, नाक दाबून सोडावी. वारा पाठीमागून असेल तर कोन वाढवावा. जड कडेची थाळी समोरच्या वाऱ्यात जास्त देते हे खरे, पण माळावरच्या वाऱ्यात एक दिवस लांब गेलेली थाळी पाहून ती विकत घेणे धोक्याचे. जिल्ह्याची स्पर्धा भिंती आणि प्रेक्षागृहाच्या आडोशाला झाली, तर तीच थाळी दगा देते.

फेकीच्या सगळ्याच प्रकारांत असा हिशोब नसतो. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ 46 गटात गोळा 16.32 मीटर फेकून रौप्यपदक मिळवले. गोळ्याला हवेशी फारसे देणेघेणे नसते. तो हातातून ज्या वेगाने आणि कोनात सुटतो, त्यावर जवळजवळ सगळे ठरते, आणि निवड करायची ती गोळ्याच्या व्यासाची, पंजात नीट बसेल अशी. भाल्यात मात्र थाळीसारखाच प्रश्न येतो. भाल्यावर 50, 60, 70, 80 मीटर असे अंतर लिहिलेले असते आणि आपल्या फेकीच्या मानाने फार वरचा, ताठ भाला घेतला तर तो नीट उडत नाही.

परदेशी राहणाऱ्या नातलगांकडून हल्ली डिस्क गोल्फच्या प्लास्टिकच्या चकत्याही घरी येतात. साखळ्या लावलेल्या टोपलीत कमीत कमी फेकींत चकती टाकण्याचा हा खेळ आहे. या चकत्या 200 ग्रॅमच्या आतल्या असतात आणि त्यांच्यावर वेगाचा आकडा छापलेला असतो. सर्वांत लांब जाणाऱ्या चकत्यांची कड रुंद आणि धारदार, आकडा 12-13 च्या घरात. तो आकडा चकती किती वेगाने जाईल हे सांगत नाही. ती नीट उडण्यासाठी हाताने किती वेग द्यायला हवा, ते सांगतो. नवशिक्याने 12 ची चकती घेतली तर ती लवकरच डावीकडे खाली जाते, 7 ते 9 ची त्याच हाताने लांब जाते.

थाळी निवडली की ती विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी हाताने तपासाव्यात. कडेवरून बोट सबंध फिरवावे, कुठेही खाच किंवा टोचणारा कंगोरा नसावा. नियमालाही कड गुळगुळीतच लागते, आणि तर्जनीचे पेर कापले तर आठवडाभर सराव बुडतो. थाळी कानाशी धरून हलवावी. आत खुळखुळ झाली तर वजन सुटलेले आहे. मधल्या चकतीचे स्क्रू घट्ट असावेत. वजन किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून घ्यावे. 1 किलोची थाळी 1.005 ते 1.025 किलोच्या दरम्यान भरावी, कारण कड झिजून ती 1 किलोखाली आली तर स्पर्धेत चालत नाही. हाताचा आकारही पाहावा. पंजा लहान असलेल्या मुलाला 22 सेंटिमीटरची थाळी पेरांत धरता येत नसेल, तर त्याने वयोगटाची लहान थाळीच वापरावी.

शाळेत थाळी वापरताना जाळीचा पिंजरा नसेल, तर फेकणाऱ्याच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना कोणीही उभे राहू देऊ नये. नवशिक्याची ओली थाळी कुठेही सुटते. सगळ्यांच्या फेकी झाल्यावरच थाळ्या गोळा कराव्यात आणि त्या चालत, हातात घेऊन आणाव्यात, परत फेकू नयेत. याला अपवाद करू नये.

पावसाळ्यात कृष्णाकाठची काळी माती थाळीला चिकटते आणि दोन फेकींत तिचे वजन व पकड दोन्ही बिघडते. कमरेला एक जुना सुती पंचा खोचून ठेवावा आणि प्रत्येक फेकीपूर्वी कड कोरडी पुसावी. साताऱ्याकडच्या मुरमाड मैदानावर उलट त्रास: खडे लागून कडेला टवके जातात. ते बारीक कानशीने लगेच घासून काढावेत. लाकडी थाळी ओलीच पिशवीत कोंबली तर लाकूड फुगते आणि कडेपाशी भेग पडते, म्हणून ती पुसून सावलीत, हवेशीर जागी सुकवावी. उन्हात ठेवू नये. लोखंडी कडेला खोबरेल तेलाचे बोट फिरवले तर गंज धरत नाही, पण फेकण्यापूर्वी ते तेल पूर्ण पुसून काढावे.

थाळी बदलण्याची वेळ सरासरीवरून ठरवावी. वारा नसलेल्या दिवसांत सलग सहा-आठ आठवडे सरासरी पुढच्या पायरीत बसत असेल आणि काठ स्थिर असेल, तर कडेचे वजन पाच टक्क्यांनी वाढवावे. एकदम पंधराने वाढवू नये. जुनी थाळी देऊन टाकण्याची घाई नको. दुखापतीनंतर परतताना, किंवा मोसमाच्या सुरुवातीला हात मंद असताना, तीच हलक्या कडेची थाळी पहिले काही आठवडे बरोबर बसते.